शोहाकूचा ड्रॅगन आणि मुराकामीचा राग

मुराकामी म्हटलं की बहुतेकांना हसरी रंगीत फुलं आठवतात, नाहीतर लुई व्हितॉनच्या पर्सा. ताकाशी मुराकामी या आजच्या जपानी चित्रकाराची डॉक्टरेट मात्र निहोंगातली, म्हणजे पारंपरिक धर्तीच्या जपानी चित्रकलेतली आहे. टोक्योतच १९९३ साली त्यानं ती मिळवली. आज त्याच्या एका ड्रॅगनच्या चित्राबद्दल बोलायचंय, पण आधी दुसऱ्या एका चित्रकाराचा हा ड्रॅगन नीट बघून घ्या.

हा जुना जपानी चित्रकार सोगा शोहाकू याचा, १७६३ सालचा. मुळात सरकत्या दारांवर होता, आता बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. सगळं काम शाईचं. जपानी शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची वडी. सहाणेवर गंध उगाळावं तशी ती दगडावर पाण्यात उगाळायची. दाट ठेवली तर ढगाचं पोट, पाणी वाढवलं तर धुकं. कागद ती लगेच पिऊन टाकतो, त्यामुळे खोडाखोडीला वाव नाही. आठ भल्यामोठ्या पॅनलांवर शोहाकूनं हे धाडस केलं, आणि वर ड्रॅगनला चेहरा असा दिला की भीती वाटायची सोडून हसू येतं. डोळे वटारलेत खरे, पण स्वारी स्वतःच जरा गांगरलेली दिसते.

अशा चित्रकारांना विक्षिप्त ठरवून बराच काळ बाजूला बसवलं होतं. त्यांना मानानं पंगतीत आणलं ते कलेतिहासकार नोबुओ त्सुजी यांनी, १९७० सालच्या पुस्तकातून. मुराकामीनं पुढे ‘सुपरफ्लॅट’ची कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हेच पुस्तक आहे: जुन्या पडद्यांवर नजर खोलात न शिरता पृष्ठभागावरून सरकत राहते, आणि तोच सपाटपणा अॅनिमेपर्यंत, म्हणजे आजच्या जपानी अॅनिमेशनपटांपर्यंत पोहोचतो.

नंतर एका मासिकात दोघांची जुगलबंदी रंगली. मुराकामीचा स्टुडिओ हा कारखानाच. मदतनिसांची फौज असते. त्सुजींनी टोमणा मारला, एकदा तरी स्वतःच्या हातानं काढा की! गडी चिडला. २०१० साली १८ मीटर लांबीचा हा लाल ड्रॅगन तयार झाला. टोमणा आणि राग, दोन्ही त्यानं चित्राच्या लांबलचक शीर्षकातच घालून ठेवलेत.

शाईऐवजी अॅक्रिलिक, कागदाऐवजी कॅनव्हास, काळ्याच्या जागी लाल. एरवी मुराकामीच्या चित्रात ब्रशचा मागमूस सापडत नाही. इथे रंग पसरलाय, डागाळलाय, आवरेनासा झालाय. शोहाकूची नक्कल करायची तर ड्रॅगनचा आकार उचलून भागलं असतं. त्यानं उचलली ती बेफिकिरी, आणि म्हणून मला हे त्याचं सर्वांत जिवंत चित्र वाटतं.

जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतरचं त्याचं ‘पाचशे अर्हत’ याहून प्रसिद्ध आहे. शंभर मीटर लांब, २०१२ साली कतारमध्ये प्रथम मांडलेलं. कानो काझुनोबूच्या एकोणिसाव्या शतकातल्या शंभर चित्रपट्ट्यांशी त्याचं नातं आहे. त्यासाठी दोनशेहून अधिक विद्यार्थी राबले. तिथे त्सुजींचा टोमणा पुन्हा लागू पडतो.