दोन थेंबांमधली पाच मिनिटं

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. मला विषय दिलाय दुःखातून सावरणं, आणि मी काही काउन्सेलर वगैरे नाही, माझं जे झालं तेच सांगणार, मधे रमाबाई रानडे येतील कारण त्यांच्याबद्दल वाचताना मला माझंच थोडं उमगलं.

आमचे हे गेले तेव्हा तेराव्यालाच एक बाई म्हणाल्या, आता समाजकार्यात मन रमवा. असा राग आला ना! माणूस जाऊन दोन आठवडे नाहीत झाले आणि तुम्ही कामाला लावताय. तसं सांगूच नये कुणाला.

रमाबाईंचं बघा. त्यांचे यजमान न्यायमूर्ती रानडे गेले १६ जानेवारी १९०१ ला, ह्या तेव्हा साधारण ३८ वर्षांच्या. अकराव्या वर्षी लग्न, ज्यांनी लिहावाचायला शिकवलं तेच गेले. मुंबई सोडून पुण्याच्या घरी आल्या, मंडईच्या बाजूला, आणि जवळजवळ वर्षभर लोकांत मिसळल्या नाहीत. आपण त्यांचं नाव घेतो ते सेवासदन ह्या बायकांसाठीच्या संस्थेसाठी, नर्सिंगचं शिक्षण त्यांनी बायकांना खुलं केलं म्हणून, पण पुण्याचं सेवासदन १९०९ चं आहे, म्हणजे मधे आठ वर्षं, आणि आपण ती गाळूनच गोष्ट सांगतो. मला स्वतःला त्यांची छोटी कामं जास्त आवडतात. सेंट्रल जेलमध्ये बायकांच्या विभागात जायच्या, पेशंटना फळं, फुलं, पुस्तकं न्यायच्या, रिफॉर्मेटरीतल्या, म्हणजे सुधारगृहातल्या पोरांना सणाला खाऊ. ह्यात संस्था नाही, ठराव नाही, नुसतं जाऊन बसणं. पण आपण येणार हे समोरच्याला माहीत असतं, तो वाट बघतो, मग जावंच लागतं हो.

माझं तर फारच साधं. खालच्या मजल्यावरच्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मुलगा परदेशात, डोळ्यात ड्रॉप घालायचे दिवसातून चारदा आणि त्यांचा हात थरथरतो. त्यांच्या मुलाने फोन केला, काकू दोन दिवस बघाल का. तोवर मला आज सोमवार की गुरुवार तेही कळत नव्हतं, चहा दुपारी दोनला व्हायचा, आणि आता मोबाइलवर आठ, बारा, चार, आठ असे अलार्म. पहिले दोन दिवस तर चिडचिडच झाली, उगाच हो म्हटलं असं वाटलं.

तर ते ड्रॉप दोन प्रकारचे होते, आणि एक घातला की दुसरा लगेच नाही घालायचा, पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर पहिला वाहून जातो. त्या पाच मिनिटांत आजी डोळे मिटून पडलेल्या आणि मी बाटली धरून बसलेली. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "शेवटी काय बोलला गं तो तुझ्याशी?" तोपर्यंत हे कुणी विचारलंच नव्हतं मला, सगळे धीर धर म्हणायचे. मी सांगितलं. पंख्याचा स्पीड कमी कर म्हणाले होते, बस एवढंच. आजी हसल्या, मीपण हसले, मग रडले, आणि दुसरा ड्रॉप पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटांनी गेला!

दुःख गेलं का? नाही गेलं. पंखा मी अजूनही दोनवरच ठेवते.

पुढच्या महिन्यात आजींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, ड्रॉपचं टाइमटेबल मी आधीच फ्रीजवर लावून ठेवलंय.