पन्नाशीच्या अलीकडे, पन्नाशीच्या पलीकडे

(दृश्य : स्तनाच्या कॅन्सरसाठी तपासणीची खोली, फक्त हात)

मधल्या तीन बोटांची पेरं टेकवायची, टोकं नाहीत. लहान लहान गोल फिरवत आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत. गळ्याखालच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, तिथून काखेपर्यंत. घाई झाली की काखच राहून जाते.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने हाताने होणारी तपासणी पारखायला घेतली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका होत्या. एका गटाला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासत, अशा चार फेऱ्या झाल्या. निकाल २०२१ मध्ये छापून आला. न तपासलेल्या गटात ४७ टक्के कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे उशिराच्या टप्प्यात सापडले, तपासलेल्या गटात ३७ टक्के. तपासलेल्यांपैकी पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तशी घट दिसली नाही. म्हणून तपासणीच्या शिबिराला जाण्याआधी पहिला प्रश्न वयाचा.

(दृश्य : मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं यंत्र, दोन पट्ट्यांमधली फट)

यंत्राचा हिशेब ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये मांडला. पन्नाशीपासून २० वर्षं १०,००० बायकांना मॅमोग्राफीला बोलावलं, तर स्तनाच्या कॅन्सरचे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना असा कॅन्सर सापडतो, जो एरवी हयातभर जाणवलाही नसता. तो खोटा नसतो, पेशी कॅन्सरच्याच असतात. पण कुणाचा वाढणार आणि कुणाचा तसाच पडून राहणार, हे आज ओळखता येत नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया, रेडिएशन त्यांनाही सोसावं लागतं. हे दोन्ही आकडे बाईला आधी सांगायलाच हवेत. ऐकून ती 'नको' म्हणाली, तरी तो तिचा अधिकार आहे.

तरुण वयात स्तन घट्ट असतो. फिल्मवर तो पांढरा दिसतो, गाठही पांढरीच. म्हणून ती लपते. काखेत पावडर किंवा डिओडरंट असेल तर त्याचे कण, कधी कॅन्सरसोबत दिसणाऱ्या चुन्याच्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि उगाच पुन्हा बोलावणं येतं. त्या दिवशी काही लावू नका, जुन्या फिल्म सोबत न्या. रिपोर्टवर 'बायरॅड्स ०' (बायरॅड्स म्हणजे निकालाला दिलेली ठरावीक श्रेणी) दिसलं, तर त्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी, एवढाच.

हे सगळं काही त्रास नसलेल्या बाईसाठी. गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, कातडीला खळी पडली, तर वय कितीही असो आणि मागचा रिपोर्ट नॉर्मल असो, शिबिराची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांकडे.