हापूस, पायरी, रायवळ आणि बिटकी

(दृश्य: रत्नागिरी, पावसाची झड. दुकानावरच्या माळ्यावरची खोली. रॅकमध्ये एक सर्व्हर.)

निवेदन:
हा सर्व्हर जुन्या बाजारातून आलाय. पंख्याचा आवाज एवढा, की शेजारी उभं राहून बोलायचं तर घसा ताणावा लागतो. डबा एकच, पण पडद्यावर चार व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले कॉम्प्युटर, चालू दिसतात: हापूस, पायरी, रायवळ, बिटकी. नावं अर्थात इथे शिकणाऱ्या पोरांनीच ठेवलेली. हापूसवर हिशेबाचं सॉफ्टवेअर, पायरीवर डेटाबेस, रायवळवर वेबसाइट. बिटकीवर काही नाही, ती मोडतोड करण्यासाठीच आहे.

घर एक, चुली चार, असं हे प्रकरण. प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं आपलंच, अशी प्रत्येक मशीनची समजूत. आणि खाली बसलेला हायपरव्हायजर, म्हणजे ही मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर, ज्याला त्याला मापून वाढतो. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० हे असंच सॉफ्टवेअर बाजारात आणलं तेव्हा तो मेनफ्रेमचा, म्हणजे अवाढव्य कॉम्प्युटरचा, थाट होता. टेबलावरच्या पीसीपर्यंत ही गोष्ट व्हीएमवेअरने १९९९ मध्ये पोचवली, आणि २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम हे याच कामाचं सॉफ्टवेअर थेट लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आलं. या खोलीत मशीनं सांभाळायला प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर चालतं. त्याच्या पोटात तेच केव्हीएम. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, परवान्यांची रीत बदलली, आणि बेताच्या खिशाच्या बऱ्याच ठिकाणांनी प्रॉक्समॉक्सची वाट धरली.

व्हर्च्युअल मशीन तयार करणं तासाभरात जमतं. चार ठिकाणी टिचक्या मारायच्या, झालं. त्याला मी शिकणं म्हणणार नाही.

(दृश्य: पडद्यावर मेमरीचा आलेख. एक मुलगी कीबोर्डवर, मागे सर उभे.)

निवेदन:
सर्व्हरची मेमरी ३२ जीबी. हिने पायरीला १६ दिली आणि बाकी तिघींना आठ-आठ. बेरीज झाली ४०. तरी चारही मशीनं बिनतक्रार उठली, कारण मेमरी कबूल केली म्हणून लगेच लागत नाही. मशीन जसजशी वापरेल तसतशी ती जाते. मग सरांनी बिटकीवर मुद्दाम भार टाकायला सांगितला.

"सर, पायरी बंद पडली."

"भार कुणावर टाकलास?"

"बिटकीवर."

"मग पायरी का गेली? लॉग बघ."

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ओळ होती: आउट ऑफ मेमरी. केव्हीएममधलं प्रत्येक मशीन हे खालच्या लिनक्सच्या लेखी एक साधी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला एक प्रोग्रॅम, असते. मेमरी संपली की लिनक्स सहसा सगळ्यांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो. ती होती डेटाबेसवाली पायरी. भांडण एकीचं आणि गेली दुसरीच. डिस्कचंही असंच. आहे त्यापेक्षा जास्त वाटून ठेवता येते, आणि एक दिवस खरी डिस्क भरली की त्यावरची सगळीच मशीनं अडकतात.

(दृश्य: खोलीतला दिवा जातो. यूपीएसची शिट्टी.)

निवेदन:
हे चित्रीकरणासाठी घडवलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत त्यानंतर बरेच दिवस अंधार होता. एरवीच्या पावसाळ्यातही वीज जाण्याचं इथे कुणाला अप्रूप नाही. यूपीएसची तार सर्व्हरला जोडलेली असते आणि बॅटरी उतरत आली की सर्व्हर आपणहून मशीनं बंद करायला घेतो. क्रम ठरवून द्यावा लागतो. पायरी उठायला पहिली, निजायला शेवटची. डेटाबेस आधी गेला तर त्याच्या जिवावर चालणारं हिशेबाचं मशीन अर्ध्या नोंदी हातात घेऊन उभं राहतं. पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरला जनरेटर असतात, तिथल्या नवख्यांना हा धडा मिळायला वर्षं लागत असतील. इथे जूनमध्येच मिळतो.

आता बॅकअप. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, टिपून ठेवला की काम झालं, असा समज फार आहे. स्नॅपशॉट बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. आणि डिस्क जाण्यासाठी ती बिघडायलाच हवी असं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. एसटी आगारातली रोकड वाचवण्यासाठी तिथले अधिकारी ती घेऊन तासन्‌तास एसटीच्या टपावर बसून होते. रोकड टपावर नेता आली. तळमजल्यावरच्या दुकानांतले कॉम्प्युटर आणि त्यांच्याच शेजारी ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्क त्या दिवशी एकाच पाण्यात होत्या. म्हणून तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक प्रत गावाबाहेर. या खोलीतली तिसरी प्रत रात्री घाट चढून पुण्याला जाते, एन्क्रिप्ट होऊन.

(दृश्य: फळ्यावर नेटवर्कची आकृती. दोन रंगांचे खडू.)

निवेदन:
सुरक्षेचा तास फळ्यावर सुरू होतो. एखादं मशीन फुटलं, म्हणजे त्यात घुसखोर शिरला, तर नुकसान त्या मशीनपुरतं. हायपरव्हायजर फुटला तर चारही गेली. २०१५ मध्ये व्हेनम नावाची त्रुटी उघडकीला आली. मशीनला आभासी सुटे भाग पुरवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमधल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये ती २००४ पासून पडून होती. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, तरी त्या फटीतून आतल्या मशीनमधून थेट खालच्या सर्व्हरपर्यंत उतरता येण्याची सोय होती. जे लागत नाही ते काढून टाका, हे सर बजावत राहतात ते यासाठी.

दुसरं उदाहरण अधिक झोंबणारं. २०२३ च्या फेब्रुवारीत ईएसएक्सआय आर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने, जगभरातले हजारो व्हीएमवेअर सर्व्हर गाठले आणि मशीनांच्या फायलींना कुलपं घातली. ज्या त्रुटीकडे बोट दाखवलं गेलं, तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, दोन वर्षं आधी, २०२१ च्या फेब्रुवारीतच निघाला होता. बऱ्याच ठिकाणी तो लावलेला नव्हता, आणि सर्व्हर इंटरनेटला उघडे होते.

इथे प्रॉक्समॉक्सचं दार, म्हणजे पोर्ट ८००६, बाहेरून दिसतच नाही. आधी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली खासगी वाट, मग पासवर्ड, मग मोबाइलवरचा सहा आकडी कोड. कारभाराचं नेटवर्क लाल खडूचं, मशीनांचं पांढऱ्या. दोन्ही वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे एकाच नेटवर्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागांवर. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं रोजच्या कामाला वापरायचं नाही, ज्याचं त्याचं खातं. बॅकअप लिहिणाऱ्या खात्याला बॅकअप पुसण्याचा अधिकार द्यायचा नाही, कारण चोर आत आला की आधी बॅकअप शोधतो. लॉगही वेगळ्या यंत्रावर जातात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवावे लागतात आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. त्या सहा तासांत, फुटलेल्या सर्व्हरवरच पडलेल्या लॉगचा काय उपयोग?

(दृश्य: टेबलावर चार चिठ्ठ्या.)

निवेदन:
महिन्यातून एकदा चिठ्ठी निघते. जिचं नाव येईल ते मशीन बॅकअपमधून दुसऱ्या, रिकाम्या डब्यावर उभं करायचं आणि शेवटची नोंद उघडून दाखवायची. या खेपेला पायरी निघाली. बॅकअपच्या अहवालात सगळ्या खुणा हिरव्या. मशीन उठलंही. पण डेटाबेसचं एक टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, उघडेना.

"हिरवं होतं ना सर?"

"फाइल लिहिली गेली, एवढंच ते हिरवं सांगतं. गेस्ट एजंट आहे का बघ."

नव्हता. मशीनच्या आत बसणारा हा छोटा प्रोग्रॅम असता तर बॅकअप सुरू होताना मशीनच्या आतली लिखापढी क्षणभर थांबवून हातातलं डिस्कवर उतरवलं गेलं असतं. नसल्यामुळे प्रत निघाली ती चालत्या लिखाणाच्या मधोमध. टेबल दुरुस्त झालं, तरी चाचणी नापास धरली गेली. एजंट चारही मशीनांवर बसवून बॅकअप नव्याने लावलेत. या महिन्यात पायरीची चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायची नाही. रविवारी तिची चाचणी थेट घ्यायची, असं सरांनी फळ्यावर लिहून ठेवलंय.