पालकाच्या पानावर सापडलेला पुरावा

(वर्धा जिल्ह्यातील एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, शहराच्या हवेची गोष्ट सांगायला हा माणूस खेड्यात कशाला आला, असं तुम्हाला वाटत असेल. शहरावरचं धुरकं नेमकं कशाने होतं, या शोधातला पक्का पुरावा शेतात मिळाला, म्हणून आलो.

जुलै १९४३. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसवर असा धुरकट थर बसला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. युद्धाचे दिवस, काहींना वाटलं, जपानने विषारी वायू सोडला. मग संशय आला कृत्रिम रबराचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुरकं हटेना. पुढे तेलशुद्धीकरणाची धुराडी, परसातल्या कचऱ्याच्या भट्ट्या, जे डोळ्यांना दिसेल त्याच्यावर आळ!

आसपासच्या शेतकऱ्यांची तक्रार निराळी होती. पालकाची, बीटाची पानं खालच्या बाजूने चंदेरी पडत, मग तांबूस. धुराड्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने पान असं होत नाही. कपाशीवर लाल्या, म्हणजे पानं लाल पडलेली, दिसला की तुमच्यातला जाणता शेतकरी आधी पान उलटून पाहतो ना? आरी हागेन-स्मित यांनी तेच केलं. हे मूळचे हॉलंडचे, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संशोधन संस्थेत वनस्पतींच्या रसायनांवर काम करणारे. अननसाच्या वासात नेमकं काय असतं, हा त्यांचा तेव्हाचा विषय. वाफा गोठवून पकडायची ती रीत त्यांनी शहराच्या हवेला लावली, आणि हाती आले तपकिरी, घाण वासाचे थेंब.

मग त्यांनी पालक, बीट, ओट, लसूणघास अशी रोपं बंद खोलीत ठेवून त्यांत पेट्रोलच्या वाफा आणि ओझोन, म्हणजे ऑक्सिजनचाच एक तिखट, जळजळ करणारा प्रकार, सोडला. पानं शेतातल्यासारखीच खराब झाली. १९५२ पर्यंत कोडं उलगडलं. मोटारी आणि तेलकारखान्यांतून निघणाऱ्या वाफा, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि ऊन, एवढ्यावर हवेतच ओझोन आणि धुरकं तयार होतं. वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला किती वेळात चिरा पडतात, यावरून ते ओझोन ताडत. मला हा प्रयोग फार आवडतो. त्याला महागडं यंत्र लागत नाही. तेलकंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधकांनी त्यांना खोडून काढायचा प्रयत्न केला, तेव्हा चिडून ते या कामात आणखी खोल उतरले. १९६८ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या हवा-प्रदूषण आवरणाऱ्या मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच झाले.

आता आपलं. ओझोन भर शहरात कमी आणि वाऱ्याच्या दिशेने बाहेर जास्त, असं पुष्कळदा होतं. गाड्यांचा ताजा धूर शहरातला ओझोन खाऊन टाकतो; तोच धूर वाऱ्याने पुढे गेला की उन्हात ओझोन बनवतो. सोयाबीन आणि गहू दोन्ही त्याला नाजूक. आपलं सोयाबीन पावसाळ्यात ढगाखाली वाढतं, म्हणून थोडं बचावतं. रब्बीच्या गव्हाला मात्र स्वच्छ ऊन मिळतं, आणि पानावर डाग न दिसताही त्याचा दाणा बारीक राहू शकतो.

मघाशी एका काकांनी विचारलं, पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या काड्या, जाळल्याने ओझोन होतो का? होतो. संध्याकाळी जाळली तर त्या रात्री त्रास धुराच्या कणांचा. वाफांवर ऊन पडतं दुसऱ्या दिवशी, ओझोन तेव्हा. बोंडअळी आटोक्यात राहावी म्हणून पऱ्हाटी वेळेत काढलीच पाहिजे. पण काढली म्हणजे जाळलीच पाहिजे असं नाही; श्रेडर या तुकडे करणाऱ्या यंत्राने कुटी करून शेतातच कुजवता येते. भाडं परवडत नसेल तर चार जणांनी मिळून आणा.