खांद्यावरचे साडेचार किलो

[दृश्य : दादर स्थानकाचा पादचारी पूल, शनिवारची संध्याकाळ. गर्दीत एका माणसाच्या पाठीवर गिटारची काळी बॅग.]

साडेचार किलो म्हणजे काही फार नाही. मंडईतून कांदे-बटाटे घेऊन निघालं तरी पिशवी एवढी भरते. पण ती पिशवी एकाच खांद्याला अडकवून कुणी तीन तास उभं राहत नाही. गिब्सन कंपनीची लेस पॉल ही गिटार साधारण चार ते साडेचार किलोची असते, १९७० च्या दशकातल्या काही तर पाचाच्या घरात जातात. महोगनीचा जाड ठोकळा आणि त्यावर मेपलचा थर म्हटल्यावर वजन येणारच. ऐंशीच्या दशकात कंपनीनेच हा ठोकळा आतून पोखरायला सुरुवात केली, ती ओझं हलकं करण्यासाठी.

बॅग घेऊन चाललेले हे गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे. राहायला डोंबिवलीला. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, आता शनिवारी माटुंग्याच्या एका जॅमरूममध्ये चार मित्रांबरोबर वाजवतात. बॅगेत लेस पॉल आहे. ती विकावी की ठेवावी, हे त्यांचं ठरत नाहीये.

वय वाढतं तशी इलेक्ट्रिक गिटारची आवड बदलते, हे सगळे वादक मान्य करतात. का बदलते, याचं उत्तरही तयार असतं : तरुणपणी धांगडधिंगा हवा असतो, मग माणूस निवतो. हे उत्तर आम्हाला पटलं नाही. निदान मुंबईत तरी हिशेब इतका सरळ नाही.

[दृश्य : ऐंशीच्या दशकातली छायाचित्रं. धोबीतलाव, कॉलेजची मुलं, लांब केस.]

१९८६ मध्ये इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली, ऐन पावसाळ्यात, स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे. आपले गृहस्थ तेव्हा कॉलेजात होते. गिटार बघायला धोबीतलावला जायचं, घ्यायला नाही, असं ते सांगतात. परदेशी वाद्यांवर आयातीची बंधनं, वर जबर जकात. कुणाचा भाऊ बोटीवर असेल, कुणाचे काका मस्कतला असतील, तर फेंडर कंपनीची एखादी खरी स्ट्रॅटोकास्टर गिटार शहरात यायची, आणि मग ती आठ-दहा बँडमध्ये फिरायची. बाकीच्यांच्या हातात देशी बनावटीची. आकार अगदी अमेरिकन, आणि दुसऱ्या पावसाळ्यात नेक, म्हणजे गिटारची मान, धनुष्य. तुला कोणती आवडते, असं तेव्हा कुणी विचारतच नसे. कुणाकडे आहे, एवढंच विचारायचे.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, जरा बाजूची आहे. तारेला वीज जोडली की अंगावर काटा कसा येतो, हे लालबाग-गिरगावच्या कित्येक मुलांनी रंगभवनात नाही, गणपतीच्या मिरवणुकीत पहिल्यांदा ऐकलं. बटणं दाबून वाजवायचा, पिकअप (तारेचं कंपन विजेत उतरवणारा भाग) लावलेला बेंजो, हातगाडीवर ॲम्प्लिफायर आणि भोंगे. सूर फाटलेला, पण हवाहवासा फाटलेला. मुंबईच्या रॉकबद्दल बोलताना बेंजो पार्टीचं नाव कुणी काढत नाही. काढायला हवं.

१९९१ नंतर बाजार उघडला. हळूहळू इंडोनेशिया आणि चीनमध्ये बनलेल्या, परवडणाऱ्या आणि बऱ्यापैकी नीट गिटारी दुकानात दिसू लागल्या. तोवर या गृहस्थांचं लग्न झालेलं, घराचं कर्ज चालू, गिटार कपाटावर. कर्ज फिटलं तेव्हा चाळिशी उलटली होती. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या बोनसमध्ये लेस पॉल आली. घरच्यांना वाटलं, यांना या वयात भलताच छंद लागला. छंद अठराव्या वर्षीचाच होता. पैसे उशिरा आले.

म्हणून म्हणतो, मुंबईतल्या या पिढीची आवड वयाच्या पट्टीने मोजायला गेलात तर फसाल. चाळिशीत जड, महाग, चकचकीत गिटार घेणारा माणूस तरुणपणाची थकबाकी वसूल करत असतो. आवड बदलणं म्हणतात ते त्याच्या बाबतीत नंतर सुरू होतं, वाद्य घरी आल्यावर.

[दृश्य : जॅमरूम. ॲम्पचा दिवा लागतो. नुसती घरघर ऐकू येते.]

लेस पॉलच का, यालाही एक अगदी इथलं कारण आहे. १९५१ ची टेलिकास्टर आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर या फेंडरच्या गिटारींवर सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचे, पिकअप असतात. आवाज काचेसारखा स्वच्छ, पण आसपासच्या विजेची घरघरही ते इमानेइतबारे उचलतात. १९५७ मध्ये गिब्सनच्या गिटारींवर हमबकर नावाचे पिकअप आले. सेथ लव्हर या इंजिनिअरने दोन कॉइल उलटसुलट जोडून ती घरघर एकमेकींत मारून टाकली होती. आता आपल्या जुन्या इमारती आठवा. अर्थिंगचा पत्ता नाही, डोक्यावर ट्यूबलाइट, भिंतीवर पंख्याचा जुना रेग्युलेटर. अशा खोलीत स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, लावली की दोन सुरांच्या मध्ये शांतता अशी मिळतच नाही. कित्येकांनी हमबकर पसंत केला तो सुरासाठी आणि तितकाच वायरिंगसाठी.

[दृश्य : परळ. पोटमाळ्यावरचं दुरुस्तीचं टेबल. टेबललॅम्पच्या उजेडात कारागिराचे हात.]

आवड खरोखर कुठे बदलते ते पाहायचं तर या टेबलाशी बसावं. हे काका तीसेक वर्षं गिटारी दुरुस्त करताहेत. आलेलं वाद्य ते आधी वाजवत नाहीत. हेडकडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, एक डोळा मिटून नेकच्या कडेने पाहतात, सराफ मोती पाहतो त्या शांतपणे. मग सहावी तार दोन टोकांना दाबायची आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी), तार आणि फ्रेट यांत किती फट राहते ते बघायचं. पोस्टकार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या पोटातल्या सळईला, पाव फेरा, आणि लगेच पुढचा पाव फेरा नाही. लाकडाला बसायला वेळ द्यायचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हेच काम, कारण दमट हवेत नेक हलतो आणि तारांना गंज चढतो. शेवटी बाराव्या फ्रेटवर पोलादी पट्टी उभी धरून तारेची उंची, म्हणजे ॲक्शन, मोजतात : पातळ तारेखाली दीड मिलिमीटर.

[बाईट : कारागीर]
“विशीतली पोरं येतात, काका, ॲक्शन एकदम खाली करा, स्पीड पाहिजे. पन्नाशीतले येतात, तेही म्हणतात खाली करा, बोटं दुखतात. काम तेच, मजुरी तीच.”

फरक पडतो तारांच्या जाडीत. दहाचा सेट, म्हणजे पहिली तार ०.०१० इंच, स्ट्रॅटच्या लांबीवर सुरात लावला की सहा तारा मिळून नेकला सुमारे ४६ किलोच्या ताणाने खेचतात. नऊचा सेट लावा, तोच ताण ३८ किलोंवर येतो. तार वर ढकलून सूर चढवताना बोटाच्या टोकाला हा फरक बरोबर कळतो. लेस पॉलची तार मुळातच आखूड, पावणेपंचवीस इंच; फेंडरची साडेपंचवीस. तेवढ्या पाऊण इंचाने ताण सहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. काकांच्या गिऱ्हाइकांत पन्नाशीनंतर दहावरून नऊवर येणारे बरेच, आणि येताना ते थोडे ओशाळलेले असतात. आवाज बारीक होईल ना, असं दोनदा विचारतात.

ओशाळण्याचं कारण जाड तारांभोवतीची दंतकथा. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा लावायचा आणि आपण लेचेपेचे नऊ लावणार? पण तो त्या अर्धा सूर उतरवून वाजवायचा, आणि त्याचीही बोटं फाटायची. उलट झेडझेड टॉप बँडचे बिली गिबन्स यांची पहिली तार सातची आहे, नऊहूनही पातळ. त्या वाटेला त्यांना लावलं ते ब्लूजचे दिग्गज बी. बी. किंग यांच्या सल्ल्याने. ब्लॅक सबाथ बँडचे टोनी आयोमी यांच्या दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी कारखान्यातल्या यंत्रात गेली. पातळ तारा आणि पुढे उतरवलेला सूर ही त्यांनी हाताची सोय म्हणून शोधलेली वाट, आणि हेवी मेटलचा आवाज त्यातूनच घडला. अंगठा जाड नेकला की पातळ नेकला सुखावतो, हाही असाच उलटा प्रकार. विशीत सतरा-अठरा मिलिमीटरचा, पट्टीसारखा नेक हवासा वाटतो, इबानेझ कंपनीच्या गिटारींसारखा. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं की तोच नेक चिमटीत धरावा लागतो आणि कळ मनगटापर्यंत जाते. मग पन्नासच्या दशकासारखा, मूठ भरेल असा जाड नेक बरा वाटायला लागतो. जुन्याची ओढ म्हणून नव्हे, हाताला आधार म्हणून.

आणि ज्यांचं नाव या गिटारला आहे ते वादक, खुद्द लेस पॉल? संधिवाताने त्यांची बोटं आखडली होती. तरी २००९ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत ते न्यूयॉर्कच्या एका क्लबात दर सोमवारी वाजवत राहिले. उरलेल्या बोटांना झेपेल तेवढेच सूर घ्यायचे, आणि मधल्या जागा विनोदांनी भरायच्या.

[दृश्य : ॲम्पच्या बटणांचा जवळून शॉट. ट्रेबल नऊवर.]

कानाबद्दल वादक फारसे बोलत नाहीत. मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्या कानाचं नुकसान सहसा चार हजार हर्ट्झच्या आसपास आधी दिसतं. गिटार ॲम्पच्या स्पीकरची धारही तिथलीच, तीन ते पाच हजारांतली. म्हणजे जो सूर वादकाला सर्वांत प्रिय, तोच त्याला कमी ऐकू यायला लागतो. तो ट्रेबल वाढवतो. त्याला आवाज ऊबदार वाटतो आणि समोर बसलेल्यांचे दात शिवशिवतात. माटुंग्याच्या खोलीत आम्ही हे प्रत्यक्ष ऐकलं. ड्रमरने न बोलता उठून ट्रेबल पाचावर आणला, गृहस्थांनी दोन गाण्यांनंतर परत वर नेला. वाजवताना कानात बोळे घालायची सवय या पिढीला कुणी लावलीच नाही. आताची मुलं यात शहाणी आहेत.

आवाजाची बाकी वाटाघाट शहराने परस्पर केली. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. रंगभवनातले मोठे कार्यक्रम याच नियमांनी थांबले. सोसायटीत तर दहाचीही वाट पाहत नाहीत, खालच्या मजल्यावरून आठलाच फोन येतो. शंभर वॅटचा ॲम्प आता कुणाला पेलत नाही. तसं कानाच्या हिशेबात दहा वॅट म्हणजे शंभराच्या निम्मा आवाज, दहावा हिस्सा नव्हे. दहाही फ्लॅटमध्ये जास्तच.

[दृश्य : गोरेगाव. एक मुलगी पलंगावर बसून वाजवतेय, कानात हेडफोन. खोलीत फक्त तारांची किरकिर.]

ही गृहस्थांची भाची, सतरा वर्षांची. हिच्याकडे ॲम्प नाही, कधी नव्हताच. गिटार लॅपटॉपला, लॅपटॉप हेडफोनला. नव्वद सालच्या आधी जन्मलेल्या माणसाने जे नुसतं मासिकात पाहिलं, ते सगळं हिला एका दुकानात हातात घेऊन बघता आलं. टोकदार शिंगांची, सात तारांची, जांभळी, चंदेरी. आणि हिने घेतली काय, तर टेलिकास्टर. इंडोनेशियात बनलेली, पिवळट रंगाची, १९५१ पासून आकार जवळजवळ न बदललेली. ती घरघरते म्हणूनच हिला आवडते.

तिचे मामा मात्र सध्या रात्री फोनवर हेडलेस गिटारी पाहत बसतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नेड स्टाइनबर्गर या डिझायनरने गिटारचं हेडच उडवलं आणि खुंट्या खाली ब्रिजपाशी, तारांच्या दुसऱ्या टोकाला, नेल्या. आताच्या काही हेडलेस गिटारी दोन-अडीच किलोंच्या आसपास असतात, बॅगही लहान, गाडीत दोन माणसांच्या मधे उभी राहते. कॉलेजात असताना हेच गृहस्थ असल्या गिटारीला बिनडोक म्हणून हसायचे. दोघांच्या गिटारींची अदलाबदल केली तर वयाच्या कोष्टकात दोघेही चपखल बसतील. पण तशी ती झालेली नाही.

हेडलेस घ्यायची तर लेस पॉल विकावी लागेल. डोंबिवलीच्या घरात दोन गिटारींना जागा आहे, पण त्यासाठी शिलाई मशीन हलवावं लागेल, आणि ते हलणार नाही असं स्वयंपाकघरातून स्पष्ट सांगण्यात आलं आहे. तेव्हा मामांनी भाचीला विचारलं.

“अगं, तूच घे ना ही. घरातच राहील.”

“मामा, छान आहे रे. पण मला नको. किती जड आहे ती!”

गेल्या आठवड्यात त्यांनी जाहिरात टाकली. फोन येताहेत. बहुतेक सगळे चाळिशीतले.