बुखाऱ्याचे हौद

श्रोतेहो, नमस्कार. उझबेकिस्तानातल्या बुखारा शहराचं नाव निघालं की लोक आधी कल्याण मिनाराबद्दल बोलतात. 1127 साली अर्सलान खानानं उभारलेला, सुमारे 46 मीटर उंचीचा, भाजक्या विटांचा. 1220 मध्ये चंगीझ खानाच्या फौजेनं शहर जाळलं, तरी मिनार राहिला. त्याहून जुनी सामानी राजांची समाधी, दहाव्या शतकातली. तिथल्या विटा विणकामासारख्या एकमेकींत गुंतवल्यात. ऊन सरकतं तशी नक्षी पालटते. अशा वास्तूंवर रात्री रंगीबेरंगी दिवे सोडतात, ते मला मुळीच पटत नाही. आपल्या किल्ल्यांवरही नाही. जुनं बांधकाम उन्हातच बघावं.

पण मला आज सांगायचंय ते हौदांबद्दल. हे वाळवंटाजवळचं शहर. जरफशान नदीचं पाणी पाटानं गावात यायचं आणि मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या हौदांत साठायचं. सगळ्यांत देखणा ल्याबी-हौज, 1620 च्या सुमाराचा. चहूबाजूंनी दगडी पायऱ्या, काठावर तुतीची जुनी झाडं. पायऱ्या लक्षात ठेवा, कारण गोष्ट पायऱ्यांचीच आहे.

या पायऱ्या उतरून पखालवाले पाणी भरायचे. तिथंच लोक हातपाय धुवायचे. आणि तेच पाणी घरोघर प्यायलं जायचं. मग व्हायचा नारू. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, महाराष्ट्रातही नारूनं कमी छळलेलं नाही. 1558 मध्ये अँथनी जेन्किन्सन नावाचा इंग्रज व्यापारी बुखाऱ्यात आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की इथल्या पाण्यानं पायात लांबलचक जंत होतात, ते रोज थोडे थोडे गुंडाळत बाहेर काढावे लागतात, आणि मध्येच तुटले तर जिवावर बेततं. त्यानंतर साडेतीनशे वर्षं हेच चाललं. जंत ओढून काढण्यात तिथले न्हावी तरबेज होते.

आता पायऱ्यांकडे या. नारू बाहेर पडताना पायाची आग आग होते. माणूस गारव्यासाठी पाय पाण्यात सोडतो, आणि त्याच क्षणी जंत आपली पिल्लं पाण्यात सोडतो. पाण्यातले बारीक किडे ती गिळतात, माणूस त्या किड्यांसकट पाणी पितो, आणि वर्षभरानं पुन्हा कुणाच्या तरी पायातून नारू. ज्या पायऱ्यांनी हौद देखणा झाला, त्याच पायऱ्यांनी रोग फिरता ठेवला.

1920 मध्ये बुखाऱ्याच्या अमीराची, म्हणजे तिथल्या राजाची, सत्ता गेली. पुढं लिओनिद इसायेव या डॉक्टरानं बुखाऱ्यात काम सुरू केलं. त्याच्या माणसांनी रोगी शोधले, त्यांचे नारू काढले, हौद एकामागून एक उपसले. नळाचं पाणी आलं. 1931 पर्यंत बुखाऱ्यातला नारू संपला. भारताला नारूमुक्त जाहीर व्हायला 2000 साल उजाडलं.

हौद गेले तसे बेडूक गेले, आणि मिनारांवर घरटी करणारे करकोचेही गेले. त्याची हळहळ बरेच जण करतात. मला विचाराल तर इसायेवनं केलं तेच बरोबर होतं. ल्याबी-हौजही तेव्हा रिकामा झाला होता, नंतर तो पुन्हा भरला. अर्क किल्ल्यासमोर शुखोव नावाच्या इंजिनिअरच्या आराखड्याचा लोखंडी जाळीचा उंच मनोरा आहे. नळाच्या पाण्याची टाकी त्यावरच होती. बुखाऱ्याला जाल तेव्हा कल्याण मिनाराइतकाच वेळ त्यालाही द्या. नमस्कार.