पहाटेचा दुसरा लिटर

इंदूर, रामबाग. पहाटेचे साडेचार. स्वयंपाकघरात दिवा लागलाय, पण चहाचं आधण नाही. फ्रिजमधून निघते ती काल कालवून ठेवलेल्या औषधाची बाटली. काकू नाकाला पदर लावतात आणि घोट घेतात. खारट, बुळबुळीत. पंधरा मिनिटांनी पुन्हा एक ग्लास. साडेनऊला कोलोनोस्कोपी आहे, म्हणजे कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून बघायची तपासणी.

काकूंचं वय 71. शौचातून रक्त गेलं, म्हणून तपासणी ठरली. शेजारच्या भाऊंनी लगेच सुचवलं, "छोटी बाटली मिळते हो, दोन घोटांत कोठा साफ. दोन-दोन लिटर कशाला पिता?"

सल्ला मायेचा होता. पण भाऊ सांगत होते ते औषध फॉस्फेटचं. ते अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं. रक्तात उतरलेल्या फॉस्फेटचे कॅल्शियमबरोबर बारीक कण होऊन ते किडनीत साचू शकतात. उतारवय, रक्तदाबाच्या गोळ्या, आधीच थकलेली किडनी, अशा माणसाला हा धोका मोठा. 2008 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोठा साफ करायच्या फॉस्फेटच्या गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो याचसाठी.

सूनबाईंनी गोळ्यांची सगळी पिशवी आणि किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. माझ्या मते खरी निवड त्या टेबलावर झाली. डॉक्टरांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉल लिहून दिलं. ते अंगात जवळजवळ शोषलंच जात नाही. प्यायलेलं पाणी आतड्यातच धरून ठेवतं आणि सगळं धुऊन नेतं. पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियमचं तिसरं औषध प्यायला कमी, चवीलाही बरं. पण किडनी फार अधू असेल तर त्यातलं मॅग्नेशियम रक्तात साठतं.

आदल्या दिवसापासून पोह्यांवरची कोथिंबीर, बडीशेप, डाळिंबाचे दाणे बंद. लाल सरबतही नाही, कारण आत तो रंग रक्तासारखा दिसतो.

आणि हा पहाटेचा लिटर? तो टाळावासा सगळ्यांनाच वाटतो. पण रात्रभर लहान आतड्यातून रस उतरत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजवीकडे, चिकट लेप बसतो. पहाटेचा लिटर तोच धुतो. चपटा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची वाढ, त्या लेपाखाली दडला, तर कॅमेरा त्याच्यावरून निघून जातो.

सव्वापाच. शेवटचा ग्लास. काकू थांबतात, डोळे मिटतात, पितात.

सहा वाजता बाथरूमचं दार उघडतं.

"आई, कसं झालं?"

"नुसतं पिवळं पाणी गं. तळ दिसतोय."

सूनबाई फाईल पिशवीत घालतात.